एका खड्ड्याभोवती जमलेली शास्त्रे

शहादा तालुक्यात तापीला गोमाई मिळते, त्या संगमावर प्रकाशा गावाची जुनी पांढर उभी आहे. यात्रेकरूंसाठी ही दक्षिण काशी. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या बी. के. थापर यांनी या पांढरीत खणायला घेतले, तेव्हा वरच्या ऐतिहासिक काळाच्या थरांखाली लोखंड वापरणाऱ्यांची वस्ती लागली आणि तिच्याही खाली तांबे व दगडाची पाती वापरणाऱ्या शेतकऱ्यांची. रंगवलेली माळवा भांडी, नंतरची जोर्वे भांडी, गारगोटीची बारीक पाती असा ऐवज निघाला. हे गाव ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशापासून, वेगळा झाला. त्यामुळे जुन्या अहवालांत प्रकाशा शोधायचे तर ‘पश्चिम खानदेश’ या नावाखाली पाहावे लागते.

थापर यांनी भांड्यांच्या तुलनेवरून काळ ठरवला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी येथे वस्ती होती, एवढे कळले. पण खापर एका गोष्टीबद्दल मुके राहते. ते लोक येथे आले तेव्हा पाऊस किती पडत होता? तापी आजच्यासारखीच उन्हाळ्यात आटत होती का? गाव उठले ते शत्रूमुळे, पुरामुळे, की सलग काही वर्षे आभाळ कोरडे गेले म्हणून? अशा प्रश्नांची उत्तरे एका शास्त्राजवळ नसतात. मातीचा जाणकार, हाडांचा जाणकार, दाणे ओळखणारा आणि काळ मोजणारा अशा सगळ्यांना एकाच खड्ड्याच्या काठावर आणून बसवावे लागते. महाराष्ट्रात हे काम चिकाटीने आणि अनेक दशके ज्या संस्थेने केले ती पुण्याचे डेक्कन कॉलेज. तिचा हा इतिहास खानदेशाच्या बाजूने पाहण्यासारखा आहे, कारण तापी आणि नर्मदा या दोन्ही नद्या त्यात पुन्हा पुन्हा येतात.

कॉलेजची स्थापना ६ ऑक्टोबर १८२१ची, पेशवाई बुडाल्यानंतर तीनच वर्षांनी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात झालेली. तेव्हा ती संस्कृत पाठशाळा होती. १८६८मध्ये येरवड्याच्या टेकाडावर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीत कॉलेज गेले. १९३४ साली सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून ते पुन्हा उघडले. या दुसऱ्या जन्मात दोन माणसे एकाच आवारात आली: पुरातत्त्वाचे हसमुख धीरजलाल सांकळिया आणि समाजशास्त्र व मानवशास्त्राच्या इरावती कर्वे.

सांकळिया यांचा पिंड सुरुवातीला पुराभिलेख आणि मूर्तिशास्त्राचा. १९४१पासून ते गुजरातेतल्या साबरमतीच्या काठाने दगडी हत्यारे शोधत फिरू लागले आणि मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणज येथे वाळूच्या टेकडीत त्यांना सूक्ष्म पाती व माणसांचे सांगाडे मिळाले. सांगाडे काढणे, मोजणे यात इरावतीबाई सामील झाल्या. संस्थेतल्या सहकार्याची पहिली ठळक खूण हीच. लांघणजला गेंड्याचे हाड निघाले. आज जेथे बाभळी आणि वाळू, तेथे गेंडा चरत असे, म्हणजे पाणथळ जागा आणि उंच गवत असणार. एका हाडाने हवामानाविषयी एवढे सांगावे, हे सांकळियांच्या मनात घर करून बसले असले पाहिजे, कारण यापुढे त्यांच्या कामाची दिशाच पालटलेली दिसते.

१९४९मध्ये लंडन विद्यापीठाचे फ्रेडरिक झॉयनर गुजरातेत आले. प्राचीन काळाचे मोजमाप करण्याच्या पद्धतींवर त्यांचे पुस्तक गाजलेले होते. नदीकाठचे थर आणि वाळूच्या टेकड्या पाहून त्यांनी ओल्या व कोरड्या काळांचा क्रम मांडला. त्यांचा प्रबंध १९५०मध्ये डेक्कन कॉलेजनेच छापला. त्यातले सगळे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण नदीच्या दरडीसमोर उभे राहून पावसाचा इतिहास कसा वाचायचा, याचा धडा पुण्याला मिळाला. तो गिरवणारे लोक संस्थेत तयार झाले. आर. व्ही. जोशी यांनी कर्नाटकातल्या मलप्रभेच्या खोऱ्यावर काम केले. शरद राजगुरू यांनी मुळा-मुठेपासून सुरुवात करून पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्या पायाखाली घातल्या.

दरड वाचणे म्हणजे काय, हे तापीकाठच्या माणसाला समजावायला फार कष्ट पडत नाहीत. काठाने चालताना पिवळसर पोयट्याच्या उभ्या भिंती दिसतात. मधेच गोट्यांचा पट्टा, मधेच चुनखडीच्या खड्यांची ओळ, कुठे पाण्याने कातरलेल्या घळ्या. गोटे वाहून आणायला वेगवान पाणी लागते. बारीक पोयटा मंद पाण्यात बसतो. चुन्याचे खडे बनतात ते पाऊस बेताचा आणि उन्हाचा ताव मोठा असतो अशा हवेत, मातीत मुरलेले पाणी वर ओढले जाऊन आटते तेव्हा. दख्खनच्या नद्यांत राजगुरू आणि पुणे विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ विश्वास काळे यांना जी कथा दिसली, ती ऐकणाऱ्याला प्रथम उलटी वाटते. पाऊस कमी असताना नद्यांनी खोरी गाळाने भरली आणि पाऊस वाढल्यावर तोच गाळ कापून नद्या खोल गेल्या. कारण साधे आहे. दुर्बळ नदीला आपले ओझे पेलत नाही, ती ते वाटेतच टाकते. वीसेक हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर हिमयुग ऐन भरात होते आणि मोसमी पाऊस रोडावला होता, तो काळ गाळ साचण्याचा. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी पाऊस जोर धरू लागला, तो काळ कापण्याचा. वायव्य दख्खनच्या नद्यांचा हा वृत्तांत १९८७मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच्या कितीतरी आधी सांकळियांनी नेवाशाचे उत्खनन उभे केले होते (१९५४ ते १९५६). शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी त्यांच्या सोबत होते. तेथल्या सांगाड्यांचा अभ्यास जर्मन मानवशास्त्रज्ञ सोफी एरहार्ट यांनी केला. पण संस्थेच्या या पद्धतीची खरी शाळा भरली ती इनामगावला.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या पांढरीत १९६८ ते १९८३ अशी दीड दशके तंबू पडत. सांकळिया, अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांच्या देखरेखीखाली खणती चाले. घरांचे आराखडे, चुली, धान्याच्या कणग्या, पुराचे पाणी वळवण्याचा चर, लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घराच्या भुईखाली केलेले दफन असे सगळे त्यातून उजेडात आले. तेवढे मिळाल्यावरही अनेक उत्खनने थांबली असती. इनामगावला माती पाण्यात कालवून, तरंगून वर येणारे जळके दाणे गाळून घेतले जात आणि ते म. द. काजळे तपासत. हाडांचे ढीग पी. के. थॉमस यांच्याकडे आणि ग. ल. बदाम यांच्याकडे जात. मातीचे रसायन गो. गो. मुजुमदार पाहत. सांगाड्यांवर आणि दातांवर अमेरिकेतले जॉन लुकाक्स आणि संस्थेचे सुभाष वाळिंबे यांनी इतके बारीक काम केले की त्याचा स्वतंत्र ग्रंथ झाला. लहानपणी उपासमार किंवा मोठे आजारपण सोसले असेल तर दाताच्या कवचावर आडवी खाच उरते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा वाईट पावसाळा अशा रीतीने प्रयोगशाळेत भिंगाखाली येतो.

वेगवेगळ्या टेबलांवरून आलेली ही टिपणे एकत्र ठेवली तेव्हा एक चित्र दिसू लागले. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात चौकोनी, ऐसपैस घरे, सातू-गव्हाची शेती, साठवणीची सोय. १०००नंतर गोल, लहान झोपड्या. शेतीची पीछेहाट आणि शिकारीवर वाढलेली भिस्त. महाराष्ट्रातली जोर्वे संस्कृतीची बहुतेक गावे या सुमारास उठली, इनामगाव मात्र इसवी सनापूर्वी ७००पर्यंत कसेबसे तगले. ढवळीकरांनी याचे मूळ कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. सगळ्यांना ते पटले असे नाही. भांडी खालावली, घरे लहान झाली, याला पावसाखेरीज दुसरी कारणे असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही हा वाद होऊ शकला तो दाणे, हाडे आणि दात जपून ठेवले होते म्हणून. त्या काळी बहुतेक ठिकाणी मडकी ठेवून बाकीचे उकिरड्याच्या ढिगावर जात असे.

काळ मोजण्याची गोष्ट वेगळीच. प्रकाशाची खणती झाली तेव्हा भारतात कार्बन-१४ मोजणारी प्रयोगशाळा नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, धर्मपाल अग्रवाल आणि शीला कुसुमगर यांनी साठच्या दशकाच्या आरंभी ती चालवायला घेतली. आजही जुन्या कोष्टकांत ‘टीएफ’ ही अक्षरे आणि पुढे आकडा दिसला की तो नमुना कुलाब्यात मोजला गेला, असे समजावे. विश्वकिरणांवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी चुलीतल्या कोळशाचे तुकडे हाती घ्यावेत, हा त्या पिढीचा मोठेपणा. १९७३मध्ये ही प्रयोगशाळा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली. परागकणांसाठी लखनौच्या बिरबल साहनी पुरावनस्पती संस्थेकडे पाहावे लागे. त्या संस्थेत गुरदीप सिंग यांनी राजस्थानच्या खाऱ्या सरोवरांच्या तळातील परागकणांवरून वाळवंटात एकेकाळी चांगला पाऊस होता असे दाखवले आणि ते हडप्पा संस्कृतीशी जोडले. पुण्याहून वीरेंद्रनाथ मिश्र आणि राजगुरू हेही तिथल्या डीडवाण्याच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. खोरे कोणतेही असो, पुण्याचा माणूस तेथे भूशास्त्रज्ञाला बरोबर घेऊनच जाई.

खानदेशाने या शोधाला दिलेली सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे शहामृगाच्या अंड्याचे कवच. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात, पितळखोऱ्याजवळच्या पाटणे येथे १९७२-७३मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, एका तुकड्यावर कोरलेली आडवीतिडवी नक्षी मिळाली आणि तिथल्या कवचाचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा निघाला. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला मोकळे गवताळ माळ लागतात, अवर्षणाचे प्रदेश मानवतात. सातमाळ्याच्या पायथ्याशी हा पक्षी पळत होता, याचा अर्थ त्या काळी खानदेश आजच्याहून कोरडा व उघडा होता. नदीकाठच्या गाळाने हिमयुगातल्या दुबळ्या पावसाविषयी जे सांगितले, तेच या कवचाने वेगळ्या तोंडाने सांगितले. साळी यांचे महाराष्ट्रातील उत्तर पुराश्मयुगावरचे पुस्तक १९८९मध्ये डेक्कन कॉलेजने काढले.

तापीच्या काठावरच्या सावळदा गावाने तर एका संपूर्ण संस्कृतीला नाव दिले. इसवी सनापूर्वी २०००च्या आसपास तापीच्या खोऱ्यात स्थिरावलेले हे खानदेशातले आरंभीचे शेतकरी. साक्री तालुक्यातल्या कवठे येथे त्यांची वस्ती ढवळीकर, वसंत शिंदे आणि शुभांगना अत्रे यांनी खणली आणि अहवाल १९९०मध्ये आला. मध्य तापी खोऱ्यातल्या आरंभीच्या वसाहतींवरचे शिंदे यांचे पुस्तक १९९८चे. हे शेतकरी आले तो काळ हवामानाच्या दृष्टीने नाजूक होता, हे मात्र नंतर, आणि भलत्याच ठिकाणाहून कळले.

ते ठिकाण म्हणजे लोणार. उल्कापाताने बनलेल्या या सरोवरात पाणी बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे पाऊस कमी-जास्त झाला की तळाच्या गाळावर लगेच उमटते. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या भूविज्ञान केंद्रातल्या सुषमा प्रसाद आणि भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात जवळपास ११,००० वर्षांची नोंद होती. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन दीर्घ कोरडे काळ दिसतात. त्यातला पहिला आजपासून साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. सावळद्याची मंडळी तापीकाठी स्थिरावली ती याच कोरड्या काळाच्या अखेरीस. कोरडेपणाने त्यांना बारमाही डोहांच्या नदीकडे ढकलले का, हे म्हणायला काळमापनात अजून बरीच सैल जागा आहे. पण हा प्रश्न १९५५मध्ये विचारताच आला नसता.

शास्त्रे एकत्र आली म्हणजे एकमत होतेच असे नाही, हे कुकडी नदीच्या काठच्या बोरी गावाने शिकवले. जुन्नर तालुक्यातल्या या गावी ऐंशीच्या दशकात नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर सापडला आणि त्याच्या लगत आदिमानवाची हत्यारे. एका मोजमापाने राख चौदा लाख वर्षांपूर्वीची ठरली. तसे असेल तर बोरीचा माणूस फारच प्राचीन होता. पुढच्या मोजमापांनी हे वय साडेपाच-साडेसहा लाखांवर आणले. १९९५मध्ये राखेच्या रासायनिक तपासणीवरून रवी कोरीशेट्टर आणि परदेशी सहकाऱ्यांनी म्हटले की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राख आहे. शीला मिश्र यांनी हत्यारांचा आणि थरांचा आधार घेऊन जुने वय लावून धरले. एकाच संस्थेतली, एकमेकांना शिकवलेली-शिकलेली माणसे या वादात वेगवेगळ्या बाजूंना उभी राहिली आणि तरीही एकाच दरडीवर नमुने घ्यायला जात राहिली. संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती आणि पुरस्कारांपेक्षा ही गोष्ट अधिक जपून लिहायला हवी.

नंदुरबारची उत्तर सीमा नर्मदा. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांतून ती घळीतून वाहते. नव्वदच्या दशकात विश्वास काळे, शीला मिश्र, ॲरिझोना विद्यापीठाचे व्हिक्टर बेकर, लिसा एली आणि इस्रायलचे येहुदा एन्झेल यांनी वरच्या अंगाला, मध्य प्रदेशातल्या नर्मदेच्या खडकाळ घळीत, महापुरांचा माग काढला. पद्धत सोपी आणि सुंदर आहे. महापुराचे पाणी काठच्या कपारीत किंवा उपनदीच्या तोंडाशी घुसते, तेथे थबकते आणि बारीक वाळूचा एक पापुद्रा ठेवून जाते. पुढचा महापूर त्यावर दुसरा पापुद्रा घालतो. पापुद्रे मोजायचे, त्यातल्या कोळशाचे वय काढायचे. या मार्गाने सुमारे १,७०० वर्षांच्या पुरांची वही उघडली, आणि महापूर काळात सारख्या अंतराने विखुरलेले नसून काही शतकांत झुंडीने येतात, हे दिसले. नर्मदा आणि तापी या दोघींच्या पुरांवरचा त्यांचा एकत्र लेख १९९४चा. ऑगस्ट १९६८मध्ये तापीने सुरत बुडवली होती. या दोन नद्यांच्या काठच्या माणसांसाठी हा विषय पुस्तकी कधीच नव्हता.

पुण्यात पाषाणला १९६२मध्ये स्थापन झालेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथे गोविंद बल्लभ पंत आणि हेमंत बोरगावकर यांनी सागाच्या वलयांना हात घातला. सुरुवात १९८३च्या सुमारास ठाण्याच्या जंगलातल्या सागांपासून झाली. साग पावसाळ्यात वाढतो, कोरड्या दिवसांत पाने गाळून थांबतो, म्हणून वर्षाला एक स्पष्ट वलय धरतो. उष्ण कटिबंधातल्या थोड्याच झाडांना हे जमते. दुष्काळाचे वर्ष अरुंद वलय. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये केरळातल्या सागांवरून ५२३ वर्षांची मालिका प्रसिद्ध केली आणि तिच्यात एल निनोच्या वर्षांचे ठसे दाखवले. सातपुड्यातला सागही याच जातीचा. ज्या साग-लाकडावर तळोद्याचा व्यापार वाढला, त्यातल्या प्रत्येक ओंडक्यात अशी एक वही बंद होती, आणि ती घरांच्या तुळयांत, दारांच्या चौकटींत कापली गेली.

समुद्राची बाजू गोव्याने सांभाळली. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत राजीव निगम यांनी फोरामिनिफेरा या अतिसूक्ष्म कवचधारी जीवांवरून जुन्या पावसाचा माग काढला. नदीचे गोडे पाणी समुद्रात किती शिरले, त्यानुसार या जीवांच्या जाती आणि आकार बदलतात. फेब्रुवारी २०१३मध्ये गोव्यातच ‘पेजेस’ची चौथी खुली परिषद भरली. बर्नमध्ये कार्यालय असलेले हे जाळे १९९१पासून पृथ्वीच्या गतकाळातील बदल अभ्यासणाऱ्यांना जोडत आले आहे. बर्फाचे स्तंभ काढणारे, प्रवाळ कापणारे, गुहेतल्या लवणस्तंभांवर काम करणारे, परागकण मोजणारे १३ ते १६ फेब्रुवारी असे चार दिवस एकत्र होते. त्याआधीचे दोन दिवस तरुण संशोधकांसाठी राखले होते. लांघणजच्या वाळूत सांकळिया आणि इरावतीबाई या दोघांनी सुरू केलेली रीत तोवर जगभरची झाली होती.

दोन वर्षांनी, २०१५मध्ये, ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे छिद्रण-जहाज अरबी समुद्रात आले. मोहिमेचे नेतृत्व गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतले पीटर क्लिफ्ट यांच्याकडे होते. लक्ष्मी खोरे नावाच्या सागरतळावर, साडेतीन हजार मीटरहून अधिक पाण्याखाली त्यांनी मोसमी पावसाचा लाखो वर्षांचा गाळ उपसला. त्यातला बहुतांश सिंधू नदीचा. पण पश्चिम भारताच्या नद्यांनी, म्हणजे नर्मदेने आणि तापीने आणलेला दख्खनच्या काळ्या दगडाचा अंशही त्यात ओळखता येतो.

१९७२मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यापासून तापीचा गाळ पूर्वीसारखा समुद्रापर्यंत जात नाही. धरणाचे फुगवट्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीत शिरते. वर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज झाले. दारे बंद असली की दरडीचे खालचे थर पाण्याखाली जातात. पावसाळ्यात दारे उघडतात, तांबूस-करडे पाणी प्रकाशाच्या पांढरीखालून उकाईकडे धावते, आणि यंदाच्या पावसाचा पापुद्रा तेथल्या तळाशी बसतो.